गिनीपिग खाईनासा झाला तर

वाचकहो, या सदरात गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री-मांजरे यांच्याविषयी बरेच लिहून झाले. आज एका अगदी लहान प्राण्याविषयी लिहायचे आहे. तालुक्याच्या गावातील एका भगिनीने पत्रातून विचारले की, घरी गिनीपिगच्या दोन माद्या आहेत, त्यांतील एक दोन दिवसांपासून कोपऱ्यात बसून आहे, पेलेट तोंडात घेते आणि टाकून देते. जवळच्या दवाखान्यात नेले तर "याचे औषध आमच्याकडे नसते" असे उत्तर मिळाले. आता काय करावे? त्यांना मी लगेच उत्तर कळवले. पण अलीकडे मुलांच्या हट्टापायी हा प्राणी बऱ्याच घरांत आला आहे, म्हणून तेच उत्तर जरा विस्ताराने सर्वांसाठी देत आहे.

नावात 'पिग' असले तरी डुकराशी याचे काही नाते नाही. हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला कुरतडणारा प्राणी. पेरू, बोलिव्हिया या देशांत तो हजारो वर्षांपासून मांसासाठी पाळला जातो. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम आणि आयुष्य पाच ते सात वर्षे.

हा प्राणी इतरांची शिकार होणारा. त्यामुळे दुखणे लपविणे हा त्याचा स्वभाव. आपल्याला तो आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. त्यातून त्याचे आतडे असे की, त्यात चारा सतत सरकत राहिला पाहिजे. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू धरतो, नको ते जीवाणू वाढतात आणि यकृतावर चरबी चढू लागते. कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर आपण वाट पाहतो. गिनीपिगने बारा तास काही खाल्ले नाही, तर ती तातडीची बाब समजावी. "उद्या बघू" हे शब्द येथे चालत नाहीत.

रोज काय पाहावे? लेंड्या लहान, कोरड्या किंवा कमी झाल्या का; अंगावरचे केस फुललेले आहेत का; हनुवटी लाळेने ओली आहे का; नाका-डोळ्यांभोवती खपल्या आहेत का; श्वास घेताना आवाज येतो का; लघवी करताना ओरडतो का किंवा तीत रक्त दिसते का. (लघवीला थोडी पांढरट झाक असते, तिने घाबरू नये.) आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहून ठेवावे. माझ्या मते ही वही कोणत्याही औषधापेक्षा मोलाची आहे. एक किलोच्या प्राण्याचे शंभर ग्रॅम कमी झाले तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळते.

आता खाद्याकडे वळू, कारण निम्मे आजार तेथूनच येतात. आपल्या घरांत त्याला दूध-पोळी, बिस्किटे, ज्वारी-बाजरीचे दाणे देण्याची पद्धत दिसते. याचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात आणि त्या झिजतात त्या चिवट गवत चावूनच. म्हणून स्वच्छ, बुरशी न लागलेले वाळलेले गवत चोवीस तास पुढ्यात हवे. हरळी, म्हणजे पूजेच्या दूर्वा, त्याला फार आवडतात. लसूणघासात चुना जास्त असतो. तो पिलांना आणि गाभण मादीला चालतो, पण मोठ्यांना रोज दिल्यास मुतखड्याची भीती. कोवळी ज्वारी गुरांना विषारी ठरते हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच, तीही टाळावी. कांदा, लसूण आणि बटाट्याचे कोंब देऊ नयेत.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व 'क'ची. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. 1907 साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रॉलिक या दोघांनी गिनीपिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही हा रोग झाला; या रोगाच्या अभ्यासाला वळण मिळाले ते तेथून. त्या प्रयोगातला आहार आणि आपल्याकडचा पोळी-बिस्किटांचा आहार यांत फार फरक नाही! स्कर्व्ही झालेला प्राणी लंगडतो, सांधे सुजतात, उचलले की ओरडतो, हिरड्यांतून रक्त येते आणि खाणे सोडतो. निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व लागते, आजाऱ्याला 50 पर्यंत. पेरूची एक लहान फोड किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा रोज द्यावा, वर थोडी कोथिंबीर. पेरू देशातल्या प्राण्याला आपल्याकडचा पेरू लागू पडावा, ही गंमतच आहे. सशाच्या पेलेटमध्ये हे जीवनसत्त्व सहसा घातलेले नसते, आणि गिनीपिगच्या पेलेटमध्ये असले तरी पाकीट जुने झाले की ते उडून जाते. पाण्यात गोळी विरघळवूनही फारसा लाभ नाही, तेथेही ते टिकत नाही.

खाणे थांबलेल्या प्राण्याला डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करता येईल? पेलेट कोमट पाण्यात भिजवून, वाटून, पातळ पेजेसारखे करावेत. बिनसुईच्या लहान सिरिंजमध्ये ते भरावे. प्राण्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर बसवावे. उताणे कधीही करू नये. पुढच्या पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज घालून एका वेळी अर्धा मिलिलिटर सोडावे, तो चावून गिळेपर्यंत थांबावे, मग पुढचा घास. घाईने दिले तर अन्न श्वासनलिकेत जाते. असे तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. मात्र पोट ढोलासारखे टम्म फुगले असेल तर काहीही भरवू नये, सरळ दवाखाना गाठावा. थंडीत ऊब द्यावी, पण एप्रिल-मेमध्ये नेमके उलटे: 27-28 अंशांच्या पुढे याला उष्मा बाधतो, आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पिंजरा सावलीत, खाली ओले पोते आणि वाऱ्याची सोय हवी. लागलेल्या प्राण्यावर बर्फाचे पाणी ओतू नये, साध्या पाण्याने कान व पाय ओले करावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. एका गृहस्थांच्या घरी गिनीपिग शिंकू लागला. घरात मुलाच्या तापातले अमॉक्सिसिलीनचे औषध उरले होते, ते त्यांनी थेंब-थेंब पाजले. शिंका थांबल्या, पण चौथ्या दिवशी जुलाब लागले आणि माझ्याकडे आणले तेव्हा अंग गार पडले होते. तो वाचला नाही. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही माणसांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके गिनीपिगच्या आतड्यातील उपयोगी जीवाणू मारतात. त्यांच्या जागी विष तयार करणारे जीवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. याला चालणारी औषधे आहेत, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही त्यांतली, पण मात्रा ग्रॅममधल्या वजनावरून पशुवैद्यकानेच ठरवावी. माणसांची वेदनाशामकेही देऊ नयेत.

मग असा पशुवैद्यक शोधायचा कसा? जिल्ह्यातील आमचे बहुतेक सहकारी गुरे आणि कुत्री यांत तरबेज असतात. त्यांनी गिनीपिग पाहिलेला नसेल तर त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच एकदा जाऊन चौकशी करावी. "डॉक्टरसाहेब, ससे-गिनीपिग आपल्याकडे येतात का?" असे सरळ विचारावे. दाढा तपासण्याची साधने आहेत का, तेही विचारावे. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचे का, हा प्रश्न जरूर करावा. हा प्राणी उलटी करू शकत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. हे उत्तर चटकन मिळाले तर समजावे की डॉक्टरांना या प्राण्याची माहिती आहे. आणि "मला अनुभव नाही, पण विचारून सांगतो" असे म्हणणारा डॉक्टर मिळाला तर त्याला धरून ठेवावे. तो आपल्या महाविद्यालयातील प्राध्यापकांना फोन करून मात्रा विचारू शकतो, आणि रात्री-बेरात्री जवळचा माणूसच उपयोगी पडतो.

गुंतागुंतीच्या आजारासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत: मुंबईत परळला, नागपूर, परभणी, उदगीर, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला; अकोल्यालाही पदव्युत्तर संस्था आहे. आणखी एक वाट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. औषधनिर्माण व वैद्यकीय महाविद्यालयांत जेथे प्राणिगृह असते, तेथे देखरेखीला पशुवैद्यक नेमलेला असतो. गिनीपिग त्याच्या रोजच्या पाहण्यातला असण्याचा संभव असतो.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींनी मादीला महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. खालच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या होत्या. भूल देऊन त्या घासून कमी कराव्या लागल्या. नंतर नऊ दिवस त्यांनी सिरिंजने भरवले, दहाव्या दिवशी तिने आपणहून गवत ओढले. वजन अद्याप पूर्वीइतके झालेले नाही आणि दाढा पुन्हा तपासाव्या लागतील, हेही त्यांना सांगून ठेवले आहे.

प्रवासात नेताना खोक्याला हवेसाठी भोके पाडावीत, आत गवत ठेवावे, मोटारसायकलवर वारा लागू देऊ नये. सोबत वजनाची वही, ताज्या लेंड्या आणि रोजच्या खाद्याचा नमुना न्यावा.

त्यांचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या मादीला वेगळे ठेवावे का? दाढांच्या आजारात मुळीच नको. सोबत असली की आजारी प्राणी लवकर खाऊ लागतो. न्यूमोनिया किंवा गजकर्ण असेल तर वेगळे करावे, पण एकमेकींचा आवाज ऐकू येईल अशा बेताने. गजकर्ण माणसांनाही लागते, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. सशाला त्याच पिंजऱ्यात ठेवू नये, कारण सशाला न बाधणारे काही जंतू गिनीपिगला न्यूमोनिया आणतात. खरूज झाली असेल तर दोघींनाही आयव्हरमेक्टिन द्यावे लागते आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. खाज थांबली म्हणून ती दुसरी मात्रा चुकवू नये.