भाजीपाल्याच्या मळ्याचें वर्ष : भाव, पाणी व मनुष्यबळ

भाजीपाल्याचा मळा एका बाबतींत इतर शेतीहून अगदीं निराळा आहे. ज्वारी, गहूं, हरभरा हीं पिकें कणगींत राहूं शकतात. भाव पडला तर शेतकऱ्यास चार महिने वाट पाहतां येते. मेथीची जुडी मात्र दुसऱ्या दिवशीं पिवळी पडते, आणि पिकलेला टोमॅटो तोडला नाहीं म्हणून झाडावर थांबत नाहीं. त्यामुळें भाजीवाल्याचा संसार पाऊस, विहिरीचें पाणी, घरांतील हात व बाजाराची त्या दिवसाची मर्जी अशा चार गोष्टींवर अवलंबून असतो. एक-दोन एकरांवर ज्यांचें सर्व कुटुंब पोसलें जातें, अशा बागाईतदारांनीं वर्षांतील हे चढउतार कसे ओळखावे व त्यांतून घर कसें सांभाळावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

भाव कां फसवितो ?

आमचा मळा जुन्नर तालुक्यांत आहे. क्षेत्र दोन एकर, म्हणजे ८० गुंठे, पाणी विहिरीचें, राबणारीं माणसें घरचीं चार. २०२३ सालीं आमच्याच हातून जी चूक झाली ती येथें सांगतों, कारण या विषयाचा बहुतेक धडा तींत आलेला आहे.

त्या वर्षीं उन्हाळ्यांत टोमॅटोचा भाव इतका पडला होता कीं, पुष्कळांनीं उभें पीक सोडून दिलें. पुढें कडक उन्हानें व विषाणुरोगानें राहिलेल्या पिकाचेंहि नुकसान झालें. परिणामीं बाजारांत माल येईना. जूनच्या अखेरीपासून भाव चढत गेला, व जुलैंत नारायणगांवच्या बाजारांत २० किलोंच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्याहि वर भाव मिळाला. चढण सुरू होतांच, जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, आम्हीं विकतचीं रोपें आणून ८० पैकीं ६० गुंठ्यांत टोमॅटो लाविला. मेथी-कोथिंबिरीचे वाफे मोडले. बांबू, तार व सुतळी यांसाठीं कर्ज काढलें. मातोश्री म्हणाल्या, “पितरांच्या पंधरवड्याला गवार लागते, तेवढी दहा गुंठे जागा तरी राखा.” आम्हीं ती जागाहि राखली नाहीं.

सप्टेंबरांत पहिला तोडा आला. परंतु जो भाव आम्हीं पाहिला होता, तो सर्व महाराष्ट्रानें पाहिला होता. सर्वांचा माल एकदम बाजारांत उतरला व भाव किलोला तीन ते पांच रुपयांवर आला. पट्टींतून तोडणी, भाडें व हमाली वजा जातां हातांत कांहीं उरेना. तिसऱ्या तोड्यानंतर फळें झाडावरच सोडलीं, आणि कर्जाच्या हप्त्यासाठीं दावणीची दुभती म्हैस विकावी लागली. शेजारच्या शेतांत दहा गुंठे गवार होती; त्या घरचा दसरा तिच्यावर झाला.

यांत दैवाचा दोष थोडा व हिशेबाचा अधिक होता. आज बाजारांत दिसणारा भाव हें तीन महिन्यांपूर्वींच्या लागवडीचें उत्तर असतें. आज आपण जें लावूं त्याचा भाव आणखी अडीच-तीन महिन्यांनीं ठरणार, आणि तो ठरविणारे हजारों शेतकरी आज आपल्याबरोबरच हा भाव पाहत असतात. तेव्हां चढता भाव पाहून क्षेत्र वाढविणें म्हणजे वरातीमागून घोडें हांकणें होय.

पावसाळा

मृगापासून आश्विनापर्यंत पाण्याची चिंता नसते. विहिरीला विसावा मिळतो. पण वाफ्यांत पाणी सांचून पालेभाजी सडते, ढगाळ हवेंत टोमॅटोवर करपा येतो, व चिखलामुळें तोडा वेळेवर होत नाहीं. पावसाळ्यांत मेथी-कोथिंबीर महाग होते ती या सडण्यामुळेंच. म्हणजे ज्याचा वाफा वांचला त्याला भाव मिळतो. यासाठीं सपाट वाफा न करितां सुमारें वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, व खालच्या अंगास पाणी निघून जाण्यास चर ठेवावा. एकदम दहा गुंठे मेथी न पेरतां दर आठवड्यास दोन गुंठे पेरावी. एखादी पेरणी पावसानें नेली तरी पुढची हातीं लागते.

या हंगामांतील मागणी सणवारांशीं बांधलेली असते. श्रावणांत मांसाहार वर्ज्य करणारे पुष्कळ असल्यामुळें भाजीचा खप वाढतो. पितृपक्षांत गवार, भेंडी, कारलीं, लाल भोपळा व अळू यांना विशेष मागणी येते. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी. हे दिवस इंग्रजी तारखेनें येत नाहींत, पंचांगानें येतात. २०२२ सालीं पितृपक्ष सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत लागला. २०२३ सालीं अधिक श्रावण असल्यामुळें तो सप्टेंबरच्या अखेरीस गेला. गवारीचा पहिला तोडा पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांनीं येतो. म्हणून पंचांग उघडून पितृपक्षाच्या आरंभापासून पन्नास-पंचावन्न दिवस मागें मोजावे व त्या सुमारास गवार टोकावी. गेल्या वर्षीं अमुक तारखेस पेरली म्हणून यंदाहि त्याच तारखेस पेरणारा अधिक महिन्याच्या वर्षीं चुकतो.

हिवाळा

हिवाळ्यांत जवळजवळ सर्व भाज्या उत्तम येतात. पण त्या सर्वांच्याच शेतांत उत्तम येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस म्हणजे पीक पाहून समाधान व पट्टी पाहून उदासी, असे असतात. कोबी व फ्लॉवर या दिवसांत बहुधा मातीमोल होतात. अपवाद भोगीचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं घरोघर पावटा, वांगीं, गाजर, ओला हरभरा व वाटाणा यांची मिश्र भाजी होते, व त्यापूर्वींचे तीन-चार दिवस बाजार तेजींत असतो. हा सण सूर्यमानानें येत असल्यामुळें त्याची तारीख फारशी हलत नाहीं. लागवडीचा हिशेब सोपा असतो.

या काळांत लहान मळेवाल्यानें नाशवंत मालाशीं हट्ट धरूं नये. आमच्या मतें निदान तिसरा हिस्सा जमीन टिकाऊ पिकास द्यावी. डिसेंबर-जानेवारींत लाविलेला उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमारास निघतो, व नीट सुकवून हवेशीर चाळींत ठेविल्यास चार-पांच महिने टिकतो. कांद्याचा भाव पडत नाहीं असें नव्हे. परंतु तेथें निदान थांबण्याचा अधिकार आपल्या हातीं राहतो. उरलेल्या क्षेत्रांत मावा व भुरी यांवर लक्ष ठेवावें, आणि घरच्या बियाण्यासाठीं सुधारित वाणांचीं निरोगी झाडें याच हंगामांत खूण करून राखावीं. संकरित वाणाचें बीं मात्र राखूं नये. तें पुढें मूळच्या गुणाचें उतरत नाहीं.

उन्हाळा

उन्हाळ्यांत भाव बरा असतो, पण विहीर तळ दाखविते. येथें मोहापेक्षां माप बरें. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हांत वाढीस लागलेल्या भाजीला दिवसास सुमारें ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागतें असें धरल्यास, एका गुंठ्यास रोज ६०० ते ७०० लिटर पाणी झालें. आतां मार्चच्या आरंभीं विहिरीचा उपसा संध्याकाळीं थांबवून पातळी मोजावी, व दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुनः मोजावी. चोवीस तासांत १४,००० लिटर पाणी भरलें, तर ती विहीर वीस गुंठे भाजी जगवील. मेमध्यें झरा आणखी आटणार हें जाणून पंधरा गुंठेच लावावे. आम्ही एके वर्षीं तीस गुंठे भेंडी लाविली. मेच्या मध्यास तीसहि गुंठे अर्धपोटीं राहिले, व पंधरा गुंठ्यांचेंहि उत्पन्न हातीं आलें नाहीं. ठिबक व पाचटाचें आच्छादन यांनीं पाणी वांचतें. पण वांचलेल्या पाण्यावर लगेच नवें क्षेत्र वाढविलें, तर वांचविल्याचा लाभ राहत नाहीं.

कोथिंबिरीसाठीं धने हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्या, बारा तास भिजवावे, आणि भेंडीच्या किंवा मक्याच्या सांवलींत पेरावे. टोमॅटोचा मोहोर ३५ अंशांच्या वर उष्णमान गेल्यास गळतो. म्हणून ऐन मेमध्यें फळधारणेस येईल अशी लागवड टाळावी. भेंडीवर केवडा दिसतांच, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडूं लागतांच, तीं झाडें उपटून पुरावीं. हा रोग पांढरी माशी पसरविते, व रोगट झाड बरें होत नाहीं.

तारखांची वांटणी

पूर्वीं आम्ही जमिनीची वांटणी पिकांवर करीत असूं. आतां ती तारखांवर करितों. मेथी २५ ते ३० दिवसांनीं निघते, कोथिंबीर सुमारें ४० दिवसांनीं, मुळा ४५ दिवसांनीं, भेंडी ४५ ते ५० दिवसांनीं. टोमॅटोचा पहिला तोडा लागणीपासून ६० ते ७० दिवसांनीं येतो. हे दिवस ध्यानीं धरून आम्हीं चार नियम घातले आहेत :

१. कोणतेंहि एक पीक एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लावूं नये, मग भाव कांहींहि असो.

२. तें पीकहि एकाच दिवशीं न लावितां पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें तीन तुकड्यांत लावावें.

३. पांच-सहा गुंठे पालेभाजी बारा महिने चालू ठेवावी. तींत मोठा नफा नाहीं, पण आठवड्याचा किराणा तिच्यावर निघतो व उसनवारी टळते.

४. लागवडीपूर्वीं तोड्याचे दिवस मोजावे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. दोन दिवस चुकले तर ती निबर होते. लावणें एका दिवसाचें, तोडणें दोन महिन्यांचें असतें. घरचीं चार माणसें सकाळच्या वेळांत जेवढें तोडूं शकतील तेवढेंच लावावें. मजूर लावून तोडलेली स्वस्त भाजी घरास महाग पडते.

हिशेबाची वही

बहुतेक मळ्यांत विक्री लिहिली जाते, खर्च लिहिला जात नाहीं. आणि घरच्या माणसांची मजुरी तर कोणीच धरीत नाहीं. प्रत्येक तुकड्यास वहींत एक पान द्यावें. त्यावर पेरणीची तारीख, बियाणें, खत, औषध, पाण्याच्या पाळ्या, घरचे व बाहेरचे रोज, प्रत्येक तोडा व त्याची पट्टी लिहावी. पट्टी नीट वाचावी. महाराष्ट्रांत २०१६ सालीं भाजीपाला बाजाराच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली, व आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावयाची असें ठरलें. तरी पट्टींत आडतीचें कलम दिसल्यास तेथल्या तेथें विचारावें. जवळच्या आठवडे बाजारांत थोडा माल स्वतः विकल्यासहि घाऊक व किरकोळ भावांतील अंतर डोळ्यांनीं दिसतें.

वही तीन वर्षें चालविल्यावर तींत आपल्याच मळ्याचें पंचांग तयार होतें : कोणता महिना आपणांस तारतो, कोणता बुडवितो, व कोणत्या महिन्यासाठीं आधींच पैसा बाजूस ठेवावा. आमच्या वहींत जानेवारी व फेब्रुवारी हे दोन महिने दर वर्षीं तोट्याचे निघाले. म्हणून पितृपक्षांत येणाऱ्या पैशांतून त्या दोन महिन्यांचा घरखर्च वेगळा काढण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला आहे.

चढउतार टळणार नाहींत. ज्याची सर्व जमीन एकाच तारखेवर टांगलेली नाहीं, त्याला एक उतार सोसतां येतो. ज्याची आहे त्याचें घर त्या एका उतारानेंच मोडतें. २०२३ च्या त्या हंगामानंतर आमच्या मळ्यांत दर पावसाळ्यांत दहा गुंठे गवार असते, व तिची पेरणीची तारीख मातोश्री पंचांग पाहून सांगतात. दावणीला नवी म्हैस आली आहे. वाचकांनीं आपल्या मळ्यापुरतें निदान एका पिकाचें एक पान या वर्षीं लिहून पाहावें, अशी आमची विनंती आहे.