शेवटची आंघोळ कोणी घालावी?

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी प्रवचन ठेवण्याची रीत आहे. पुणतांब्यास गोदेच्या घाटावर, प्रवरासंगमास, नाहीतर गावच्याच ओढ्याकाठी आम्हांस बोलावणे येते. प्रवचन आटोपल्यावर (श्रद्धांजलीची भाषणे मात्र आटोपता आटोपत नाहीत!) एखादा तरुण बाजूला येऊन हळूच विचारतो, "बुवा, वडिलांना आंघोळ भावकीतल्या म्हाताऱ्यांनी घातली. मी नुसता उभा होतो, मला काही येतच नव्हतं. चाललं का ते?" हा प्रश्न अलीकडे वारंवार येतो, म्हणून त्याचा येथे विचार करू.

अंत्येष्टि या शब्दातच उत्तर आहे. इष्टि म्हणजे यज्ञ. हा शेवटचा यज्ञ. यज्ञाला यजमान लागतो, आणि येथे यजमान घरचाच असतो. आश्वलायनांनी हा विधी गृह्यसूत्रात, म्हणजे विवाह-उपनयनादी घरच्या संस्कारांच्या पंक्तीत सांगितला आहे. पुरोहित मंत्र सांगेल, पण खांदा घरच्यांनीच द्यायचा.

कोणी म्हणेल, आत्मा तर गेला, देह म्हणजे टाकलेले वस्त्र. मग त्याची एवढी सेवा कशाला? वेदान्त खरा आहे. पण वारकऱ्याने ज्या पायांनी पंढरीची वाट तुडवली, ज्या हातांनी टाळ वाजवला, ते पाय आणि ते हात परक्याच्या हवाली करून आपण ओसरीवर बसायचे, हे वेदान्तात कोठे सांगितले आहे? मंगळवेढ्यास शके 1260 मध्ये गावकुसाची भिंत पडून चोखोबा गेले. संतचरित्रे सांगतात की नामदेवरायांनी तेथे माणूस धाडला नाही, स्वतः गेले. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या त्यांनी आपल्या हाताने वेचल्या आणि पंढरीस महाद्वारी आणून समाधी दिली. चोखोबा काही त्यांच्या भावकीतले नव्हते.

आता कृती. ही गोष्ट गावात एक-दोन वृद्धांनाच ठाऊक उरली आहे, म्हणून तरुणांनी नीट ऐकावे. प्राण जाताना जवळ रडारड नको, कानाशी नाम असावे. ज्ञानोबारायांनी नेवाशास खांबाशी टेकून जो आठवा अध्याय सांगितला, तो अंतकाळच्या स्मरणाचाच. तोंडात गंगोदक व तुळशीपत्र घालावे. प्राण गेल्यावर लगेच डोळे मिटवावेत, हनुवटी फडक्याने बांधावी, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे एकत्र बांधावेत. दोन-तीन तासांत देह आखडू लागतो, मग जमत नाही. पुरुषाला पुरुषांनी, बाईला बायांनी कोमट पाण्याने आंघोळ घालावी. लेकीसुनांनी मागे सरू नये. नवे वस्त्र, गोपीचंदन, बुक्का. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, वर कडबा पसरून सुतळीने घट्ट तिरडी बांधायची. हे एकदा तरी शेजारी बसून बांधायला शिकावे. चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते, पावसाळ्यात गोवऱ्या कोरड्या राखाव्या लागतात. पुढे टाळमृदंग आणि रामकृष्णहरि. विसाव्याला खांदे बदलतात, तेथे जात विचारू नये.

2020 च्या मार्चमध्ये सरकारने कोरोनाने गेलेल्यांसाठी नियम केले. देहाला आंघोळ घालणे, मिठी मारणे बंद झाले. मुख पाहता येई, स्पर्शावाचूनचे विधी चालत. साथच तशी होती, नियमाला आम्ही दोष देत नाही. पण त्या काळात ज्यांना आपल्या आईच्या अंगावर तांब्याभर पाणी घालता आले नाही, ती माणसे अजून आमच्यापाशी येऊन रडतात. आणि घरचे कोणी पुढे येऊ शकले नाही, तेथे ज्या कामगारांनी अग्नी दिला, त्यांनी नामदेवरायांचेच काम केले असे आम्ही मानतो. आज तशी मनाई नाही. तरी शहरात पैसे मोजले की तिरडीपासून खांदेकऱ्यांपर्यंत सारे मिळते, आणि ती हवा तालुक्याच्या गावापर्यंत येऊ लागली आहे. ज्याचे कोणीच नाही त्याला तो आधार आहे. चार धट्टेकट्टे मुलगे घरात असताना तो कशाला?

मुलगा परदेशी असेल तर देह दोन-दोन दिवस बर्फाच्या पेटीत ठेवतात. आमचे मत स्पष्ट आहे: मुलगी जवळ असेल तर तिने अग्नी द्यावा. तिने सेवा केली, तिचा अधिकार.

एक व्यवहाराची गोष्ट. डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करावी. नाहीतर वारसाच्या कागदाला विधवा आई खेटे घालते. सर्पदंश, बुडणे, अपघात असेल तर आधी पोलीस पाटलाला कळवावे, पंचनामा होईपर्यंत देह हलवू नये.

तिसऱ्या दिवशी राख सावडतात. हल्ली काही गावांत ती नदीत न टाकता शेतात खड्डा घेऊन त्यावर आंब्याचे रोप लावतात, आणि हे चालते का म्हणून आम्हांस विचारतात. अस्थी गोदेत सोडाव्यात, राखेवर रोप खुशाल लावावे. मात्र पहिला उन्हाळा त्याला पाणी घालायला घरातलेच कोणी नेमून ठेवावे.