‘सोडणे’ : शासनव्यवहारातील एका क्रियापदाचा विचार

कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी वसलेले मोहने आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथे ‘नदीत पाणी सोडले’ असे कोणी म्हटले, तर त्याचे किमान दोन अर्थ संभवतात. वरच्या अंगाच्या धरणातून पाणी सोडले, हा एक. एखाद्या नाल्यातून सांडपाणी सोडले, हा दुसरा. पहिल्या वाक्याने काठच्या रहिवाशांनी सावध व्हावयाचे असते. दुसऱ्याने प्रदूषण नियंत्रण यंत्रणेने. शब्द मात्र एकच.

इंग्रजीत या क्रियेसाठी ‘रिलीज’, ‘डिस्चार्ज’, ‘रिलीव्ह’, ‘लीव्ह’, ‘क्विट’ अशी अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला पुन्हा अनेक अर्थ आहेत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्यकारभार मराठीतून होऊ लागला, आणि १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले. तथापि कोशातील पर्यायांपैकी नेमका कोणता निवडावयाचा, हे मसुदा लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

पाण्याची भाषा

धरणाचे दार उघडून पाणी सोडणे ही मनुष्याची कृती होय. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी आपोआप वाहू लागले, तर ते ‘सोडले’ नव्हे, ‘सांडले’. ‘डिस्चार्ज’ या शब्दाने अभियंता प्रवाहाचे प्रमाण सांगतो. त्यास मराठीत ‘विसर्ग’ म्हणतात. एक क्युसेक विसर्ग म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. परंतु १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमातील ‘डिस्चार्ज’ म्हणजे सांडपाणी किंवा कारखान्यातील दूषित पाणी सोडणे, आणि त्यास मंडळाची संमती लागते. २६ जुलै २००५ चा महापूर अनुभवलेल्या उल्हास खोऱ्यात तरी सूचनेत कोणते पाणी, कोठून, किती वाजता व किती प्रमाणात सोडले जाणार, हे स्पष्ट असलेच पाहिजे.

नोकरीची भाषा

बदली झालेल्या कर्मचाऱ्यास ‘रिलीव्ह’ करतात, म्हणजे ‘कार्यमुक्त’ करतात. त्याचे ते पद सुटते, सेवा सुटत नाही. सेवाच संपली तर तो ‘सेवामुक्त’. शिक्षा म्हणून सेवा संपविण्याचे दोन प्रकार राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत आहेत. ‘सेवेतून काढून टाकणे’ ही शिक्षा पुढील शासकीय नोकरीस आड येत नाही. ‘बडतर्फी’ सामान्यतः येते. ‘डिस्चार्ज ऑफ ड्यूटी’चा अर्थ तर कर्तव्य सोडणे असा नसून, नेमका उलट, कर्तव्य पार पाडणे असा आहे.

मोहने येथील रेयॉन कारखान्यात २००९ साली टाळेबंदी झाली. टाळेबंदीत मालक काम बंद ठेवतो. तेवढ्यानेच कामगार नोकरी सोडून गेला असे होत नाही, किंवा त्यास नोकरीतून सोडले असेही होत नाही. अशा वेळी कोणत्याही कागदावर ‘कामगाराने काम सोडले’ असे सहज लिहिले गेले, तर त्याच्या देण्यांच्या हक्कालाच बाध येऊ शकतो.

न्यायालयाची भाषा

आरोपी ‘सुटला’ असे आपण म्हणतो. तो जामिनावर सुटला असेल, तर खटला बाकी असतो. आरोप निश्चित होण्यापूर्वीच पुरेसा आधार नाही म्हणून त्यास सोडले असेल, तर तो ‘डिस्चार्ज’. नवा पुरावा मिळाल्यास कारवाई पुन्हा होऊ शकते. संपूर्ण खटला चालून तो निर्दोष ठरला आणि तो निर्णय कायम राहिला, तर त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालत नाही. चारित्र्याचा दाखला देणाऱ्याने हा भेद जाणला पाहिजे.

‘लीव्ह’ आणि रजा

‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे व ‘लीव्ह’ म्हणजे रजा हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याचा मूळ अर्थ अनुमती. म्हणून घरभाड्याच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारात ना रजा आहे ना सोडणे. तेथे अनुमती आहे. आपला ‘रजा’ हा शब्दही संमती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, आणि ‘रजा घेणे’ म्हणजे निरोप घेणे असेही आपण म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी एकच वाट चालावी, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबाबतही दक्षता हवी. प्रारंभिक शिक्षणात दाखल्यास विलंब झाला, या कारणाने दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षणहक्क अधिनियम सांगतो. मूल शाळा ‘बदलते’ की ‘सोडते’, यात फार अंतर आहे.

मराठीचे सामर्थ्य

याचा अर्थ मराठी अपुरी आहे असा नव्हे. उपवास सोडावा, प्राण सोडावा, हक्कावर पाणी सोडावे, असे एकाच क्रियापदाचे किती विविध विनियोग! १९४२ साली ‘क्विट इंडिया’साठी मराठी माणसाने ‘चले जाव’ ही घोषणा उचलली. तिच्यात ‘सोडणे’ नाही, पण भाव अचूक आहे.

तेव्हा मसुदा लिहिताना तीन प्रश्न विचारावेत : कोण सोडतो? कशातून सोडतो? सोडल्यानंतर कोणता हक्क किंवा कोणती जबाबदारी शिल्लक राहते? हक्कसोडपत्रावर अंगठा उठविणाऱ्या बहिणीस या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी समजावून सांगणे, हे ग्रामसेवकाचे, सरपंचाचे आणि शिक्षकाचेही कर्तव्य होय.