कुत्र्याची चरबीची गाठ : कोणती ठेवावी, कोणती कापावी?

राखणीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की पुष्कळदा त्याच्या छातीखाली किंवा बरगडीवर मऊ गाठ हाताला लागते. ती बहुधा चरबीची असते. तिच्याभोवती पातळ पिशवी असते; बोटांखाली ती सरकते, दुखत नाही. चालण्याआड येत नसेल तर ती तशीच राहू द्यावी. मात्र दर महिन्याला दोरीने मापून पाहावी.

परंतु चरबीच्याच गाठीचा दुसरा एक प्रकार आहे. तिला पिशवी नसते. शेतात हरळीच्या काश्या पसरतात तशी ती स्नायूंमध्ये शिरते. कधी नसेपर्यंत, सांध्यापर्यंत, क्वचित हाडापर्यंतही जाते. दाबून पाहिली तर ती जागची हलत नाही. ही गाठ सहसा फुप्फुसात किंवा दुसऱ्या अवयवात पसरत नाही. पण आहे त्या जागी ती वाढत राहते आणि कुत्रा लंगडू लागतो. लॅब्रॅडॉर जातीत ती अधिक आढळते.

सुईने काढलेल्या नमुन्यात दोन्ही गाठींची चरबी सारखीच दिसते. म्हणून स्नायूसकट तुकडा काढून तपासावा लागतो. गाठ कोठवर गेली आहे हे सीटी स्कॅनने चांगले कळते.

यावर मुख्य उपाय शस्त्रक्रिया. पूर्ण भूल देऊन डॉक्टर गाठीबरोबर भोवतालचा निरोगी स्नायूही काढतात. दिसते तेवढेच कापले तर काशी आत राहते. अशी काळजी घेऊनही निरनिराळ्या अभ्यासांत शंभरातील ३६ ते ५० कुत्र्यांना गाठ पुन्हा झालेली आढळली आहे. गाठ लहान असतानाच गेल्यास डॉक्टरांना भोवती कापायला जागा मिळते. उशीर झाल्यास कधी पायच काढावा लागतो. तरी बहुतेक कुत्री तीन पायांवर चांगली वावरतात.

घरी लक्षात ठेवा :

१. गाठीवर डाग देऊ नये, बिब्बा घालू नये, वस्तऱ्याने चिरू नये.

२. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, कुत्र्याला बांधून ठेवावे; जखम चाटू देऊ नये.

३. जखमेवर माशी बसू देऊ नये. सूज, पू किंवा किडे दिसताच दवाखाना गाठावा.

४. जखम भरल्यावरही दर महिन्याला ती जागा चाचपावी.

तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय नसेल तर परळ, आणंद, महू, हैदराबाद किंवा बिदर यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. जाताना गाठीची मापे तारखेसह लिहून न्यावीत.