मोटारीतील बाळ आणि न्यूटनचा पहिला नियम

प्रसूतिगृहातून घरी निघालेल्या बाळाचा मोटारीतला पहिला प्रवास बहुधा आईच्या किंवा आजीच्या मांडीवर होतो. दुपट्यात गुंडाळलेले बाळ दोन्ही हातांनी घट्ट धरलेले असते. याहून सुरक्षित जागा ती कोणती, असे सर्वांनाच वाटते. विद्यार्थी मित्रांनो, ही समजूत कितपत खरी आहे हे तुम्हांला कागद-पेन्सिल घेऊन ठरवता येईल. नववीच्या पुस्तकातली गतीची समीकरणे त्याला पुरेशी आहेत.

समजा, मोटार ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने चालली आहे. ती भिंतीवर आदळली. तिचा पुढचा भाग ०.७ मीटर चेपला आणि ती थांबली. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की मंदन मिळते : १९६ ÷ १.४ = १४० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वीय त्वरणाच्या हे चौदापट झाले. थांबण्यास लागलेला वेळ सेकंदाचा केवळ दहावा भाग!

आता बाळाचे वस्तुमान १० किलोग्रॅम धरू. गाडीबरोबर त्यालाही थांबवावयाचे तर १० × १४० = १४०० न्यूटन बल हवे. सिमेंटची पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती उचलण्याइतके हे बल आहे, आणि तेही क्षणार्धात. हात सुटतात. न्यूटनच्या पहिल्या नियमानुसार बाळ मूळच्याच वेगाने पुढे जाते आणि समोर जे असेल त्यावर आपटते. १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर याच वेगाने आपटते. हे गणितही करून पाहा. आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचे साठ किलोचे शरीर बाळाच्या मागोमाग येते, ते वेगळेच.

कायदे करणाऱ्यांनाही हे पटण्यास वेळ लागला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात लहान मुलांच्या सीटचा कायदा १९७८ साली अमलात आला. त्या देशातला हा पहिलाच कायदा. त्यासाठी झटणारे गृहस्थ बालरोगतज्ज्ञ होते, डॉ. रॉबर्ट सँडर्स. परंतु कायद्यात एक सवलत घुसली : मोठ्या माणसाने मूल हातात धरले असेल तर सीट नको! या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे नाव पडले. १९८१ साली ती काढून टाकण्यात आली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सीटने सुरक्षित न करता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड होतो. मात्र कोणत्या उंचीच्या मुलाला पट्टा चालेल आणि कोणाला सीटच हवी, हे ते कलम सांगत नाही. माझ्या मते ही मोठीच उणीव आहे. मोठ्यांचा पट्टा खांद्यावरून व कमरेच्या हाडांवरून जावा अशी त्याची रचना असते. लहान मुलाच्या अंगावर तो गळ्यावर आणि मऊ पोटावर येतो. म्हणून उंची सुमारे दीड मीटर होईपर्यंत मुलाला उंच बसवणारी बैठक लागते. तिला बूस्टर म्हणतात.

तान्ह्या बाळाचा प्रश्न निराळा आहे. त्याचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते, मोठ्या माणसाचे सुमारे आठवा. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. बाळाला पुढे तोंड करून बांधले तर धड पट्ट्याने थांबते, पण जड डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. यावर स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात तोड काढली. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठीवर पडून उड्डाणाचा रेटा सोसत. त्यावरून त्यांना बाळाची सीट उलटी, गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवण्याची कल्पना सुचली. धडक बसली की डोके, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीवर दाबली जातात. बल तेवढेच, पण क्षेत्रफळ वाढले; म्हणून दाब घटला. युरोपात २०१३ पासून लागू झालेल्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत मूल उलटेच बसवावे लागते. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंतही बसवतात.

तेव्हा सीट निवडताना मुलाचे वय विचारण्याआधी त्याचे वजन व उंची मोजा आणि सीटवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. अपघातातून गेलेली जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये. प्लॅस्टिकमधल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. दुपटे पट्ट्यांच्या आत नको. आधी पट्टे आवळावेत, मग वरून पांघरूण घालावे. उलटी सीट मागच्या बाकावरच ठेवावी. पुढच्या आसनासमोरची एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते आणि नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते.

हे सारे पाहावयाचे असेल तर मातीची बाहुली करा. डोके जरा मोठे ठेवा व ते आगकाडीने धडाला जोडा. खेळण्यातल्या ट्रकमध्ये काड्यापेटीची उंच पाठ चिकटवून तिला रबरबँडने बाहुली बांधा आणि ट्रक तिरप्या फळीवरून विटेवर सोडा. एकदा बाहुलीचे तोंड पुढे, एकदा मागे. फळीचे टोक दर वेळी पाच सेंटिमीटर उंच करा आणि कोणत्या उंचीला डोके निखळते ते दोन रकान्यांत लिहून ठेवा.