‘लोड’ घेताय ना? मग नीट घ्या!

मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलं की इंग्रजीचा धसका बसतोच. पण खरं सांगू? ‘थर्मोडायनॅमिक्स’ पाठ होतं. अडवतात ते रोजचे छोटे शब्द. ‘लोड’ हा त्यातला अस्सल नमुना.

आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात हा शब्द कोणाला माहीत नाही? ऊसतोड सुरू झाली की ट्रॉली ‘लोड’ होते. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की डीपीवर ‘लोड’ येतो अन् फ्यूज उडतो. परीक्षा आली की आम्ही होस्टेलवर म्हणतो, ‘लोड घेऊ नको रे!’ (आजी पाहुण्यांना टेकायला देते तो लोड मात्र आपला मराठी, लोड-तक्क्यातला. त्याला यात ओढू नका.) आणि लोडशेडिंगमधलं ‘शेड’ पत्र्याचं नव्हे बरं का. झाड पानं गाळतं, तसं लोड गाळणं. म्हणून पेपरवाले ‘भारनियमन’ लिहितात.

गोंधळ होतो तो शाखा बदलली की. सिव्हिलचा लोड किलोन्यूटनमध्ये. इमारतीचं स्वतःचं वजन ‘डेड लोड’. माणसं, फर्निचर हा ‘लाइव्ह लोड’. कपाट कुठे जिवंत असतं? पण ते आज इथे, उद्या तिथे, म्हणून ‘लाइव्ह’. आयएस ८७५ मध्ये यालाच ‘इम्पोज्ड लोड’ म्हटलंय, ते मला जास्त पटतं. आणि लोड म्हणजे नेहमी संकटच असंही नाही. १९२६ साली पूर्ण झालेलं आपलं भंडारदरा धरण दगडी गुरुत्व धरण आहे. पाण्याचा रेटा ते मुख्यतः स्वतःच्या वजनावर झेलतं. तिथे डेड लोडच राखणदार!

इलेक्ट्रिकलमध्ये तारेला जोडलेला बल्ब हा लोड, आणि तो खातो ती वीज हाही लोड. ‘नो लोड’ म्हणजे मोटर बंद नव्हे. ती फिरतेय, पण शाफ्टवर काम नाही. व्हायवात हमखास विचारतात, लोड वाढला तर इंडक्शन मोटरचं काय होतं? वेग थोडा उतरतो, करंट वाढतो. विहिरीवरच्या सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला तर? बरेच जण ‘लोड वाढेल’ म्हणतात. उलट तो कमी होतो, कारण पाणी उचललंच जात नाही!

मी एक सवय लावून घेतली आहे. एकटा ‘लोड’ वहीत लिहायचा नाही, शेजारच्या शब्दासकट लिहायचा. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता वाट, प्रवास. वाट दाखवणारा चुंबक ‘लोडस्टोन’ हा त्याचाच भाऊबंद. वाटेवरून तो वाहून नेण्यावर आला आणि शेवटी ओझ्यावर. आपली ‘खेप’ बघा, फेरीही तीच अन् फेरीत नेलेला मालही तोच.

बोलण्यात तर आणखी मजा. ‘लोड्स ऑफ टाइम’ म्हणजे भरपूर वेळ. ‘अ लोड ऑफ माय माइंड’ म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरलं. नुसतं ‘ही इज लोडेड’ म्हटलं तर गडी पैसेवाला, नाहीतर प्यायलेला! आणि इंटरव्ह्यूत जपायचं ते ‘लोडेड क्वेश्चन’ला, म्हणजे पोटात आरोप भरलेल्या प्रश्नाला. ‘लेक्चर बुडवणं बंद केलंत का?’ ‘हो’ म्हणालात तरी अडकलात, ‘नाही’ म्हणालात तरी अडकलात. तिथे आधी म्हणायचं, ‘सर, मी बुडवतच नव्हतो.’ अर्थात, हजेरीपत्रक त्यांच्या हातात नसेल तर!