घरोघरचें इंटरनेट : वेग किती, खर्च किती?

बाजारांतून तांदूळ आणतांना आपण वजन पाहतों, भाव विचारतों, आणि चार दाणे हातावर घेऊन ते जुने कीं नवे हेंही पारखतों. परंतु घरांत इंटरनेट घेतांना मात्र जाहिरातींतला मोठा आंकडा पाहूनच पुष्कळ कुटुंबें समाधान पावतात. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां एकाच फोनवर दोघां-तिघां भावंडांचा अभ्यास चालविण्याची वेळ अनेक घरांवर आली. २०२५ पासून तर अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला आहे. तेव्हां पळसदरी व आसपासच्या गांवांतील विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढें या विषयाचा थोडा हिशेब मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम माप समजून घेऊं. इंटरनेटचा वेग मेगाबिटांत सांगतात, आणि उतरवून घ्यावयाच्या वस्तूचा आकार मेगाबाइटांत किंवा गिगाबाइटांत मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १ गिगाबाइट आकाराचा चित्रपाठ घरीं आणणें म्हणजे सुमारें ८,००० मेगाबिट आणणें होय. दर सेकंदास १०० मेगाबिट असा वेग असेल, तर यास ८० सेकंद लागतात. ३० असेल, तर सुमारें साडेचार मिनिटें. आणि २ असेल, तर १ तास ६ मिनिटें ४० सेकंद. हा २ मेगाबिटांचा वेग म्हणजे ‘ब्रॉडबँड’ या नांवास पात्र होण्यासाठीं सरकारनें २०२३ मध्यें ठरविलेली किमान मर्यादा होय. स्पष्ट दिसणारा पाठ बसल्या जागीं पाहण्यास सुमारें ५ मेगाबिट पुरतात. तीन मुलें एकदम पाहूं लागलीं, तर १५. यावरून सामान्य घरास ३० मेगाबिटांत अडचण पडूं नये, हें उघड आहे.

वेगासही दोन दिशा असतात. पळसदरीस रेल्वेचा एक मार्ग खोपोलीकडे जातो व दुसरा खंडाळ्याचा घाट चढतो. त्या घाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ असल्यानें अनेक गाड्यांना कर्जतहून मागें जादा इंजिनें जोडावीं लागतात. इंटरनेटच्या कित्येक जोडण्यांतही उतरवून घेणें सोपें, पण वर पाठविणें मंद असतें. मुलानें वही लिहून तिचें छायाचित्र शिक्षकांस पाठवावयाचें असेल, तर हा दुसरा वेग उपयोगीं पडतो. म्हणून तोही विचारून घ्यावा.

आतां जोडणीचे प्रकार पाहूं.

पहिला प्रकार टेलिफोनच्या तांब्याच्या तारेचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांकरितां इंटरनेट सुरू केलें, तें याच तारेवरून. पुढें सेकंदास ५६ किलोबिट हा अशा डायल-अप जोडणीचा कमाल वेग झाला. त्या वेगानें आपला १ गिगाबाइटाचा पाठ उतरावयास सुमारें ४० तास लागले असते! २००५ मध्यें भारत संचार निगमानें त्याच तारेवर ब्रॉडबँड आणलें. परंतु तांब्याच्या तारेंत अंतराबरोबर वेग घटतो. टेलिफोन केंद्रापासून चार-पांच किलोमीटरांवरील घरास शेजारच्या घराच्या मानानें फारच थोडा वेग मिळतो.

दुसरा प्रकार फायबरचा. केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो, आणि गांवापुरत्या अंतरानें वेग घटत नाहीं. उणीव एवढीच, कीं खांबांवरून नेलेली केबल झाड पडल्यास तुटते. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां जिल्ह्यांत विजेचे खांब व तारा यांची किती हानि झाली, हें पालकांस स्मरत असेल. शिवाय वीज गेल्यास घरांतील यंत्रही बंद पडतें. त्यास लहानशी बॅटरी जोडून ठेवणें हिताचें.

तिसरा प्रकार बिनतारी, म्हणजे मोबाइल अथवा भिंतीवर ग्राहक-यंत्र बसवून दिलेलें इंटरनेट. यास केबल लागत नाहीं. पण मनोरा व घर यांमध्यें डोंगर आल्यास लहरी क्षीण होतात, आणि संध्याकाळीं सारे गांव एकाच मनोऱ्यावर आल्यास वेग वांटला जातो.

चौथा प्रकार उपग्रहाचा. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत जाऊन परत भूमीवर येण्यास लहरींस सुमारें पाव सेकंद लागतो. म्हणून प्रश्न व उत्तर यांत अर्ध्या सेकंदाचें अंतर पडतें. सुमारें ५५० किलोमीटरांवरील स्टारलिंकच्या उपग्रहांत हा विलंब फारच कमी असून, त्या कंपनीस भारताचा परवाना जून २०२५ मध्यें मिळाला.

आतां खर्च. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओच्या रोज २ गिगाबाइट देणाऱ्या पॅकास ३४९ रुपये पडूं लागले. मुदत २८ दिवस. २८ दिवसांचा महिना धरल्यास वर्षांत १३ वेळां पैसे भरावे लागतात, म्हणजे ४,५३७ रुपये. दोन फोनांस ९,०७४. त्याच कंपनीच्या फायबरचा सप्टेंबर २०२० मधील ३० मेगाबिटांचा दर ३९९ रुपये होता. त्यावर १८ टक्के कर धरून महिना ४७०.८२, आणि वर्षास ५,६४९.८४ रुपये. सप्टेंबर २०२३ मध्यें तिनें तोच वेग बिनतारी रीतीनें ५९९ रुपयांस देऊं केला. कर धरून वर्षास ८,४८१.८४. म्हणजे २,८३२ रुपये अधिक. मात्र त्यांत दूरचित्रवाणीच्या वाहिन्याही होत्या. बोलण्यासाठीं मोबाइलचा लहान पॅक लागतोच, तो निराळा धरावा. दर बदलत राहतात. हिशेबाची रीत बदलत नाहीं.

तेव्हां पालकांनीं पैसे देण्यापूर्वीं पुढील गोष्टी विचाराव्यात : कर धरून वर्षाचा खर्च किती? यंत्राचे व जोडणीचे पैसे निराळे काय? किती गिगाबाइटांनंतर वेग उतरतो? बिघाड झाल्यास दुरुस्तीस माणूस कोठून व किती दिवसांत येतो? शेजारच्या घरीं जी जोडणी भर श्रावणांत टिकली, तिची साक्ष जाहिरातीपेक्षां अधिक मोलाची समजावी. फायबर दारापर्यंत येत असेल व घरांत शिकणारीं मुलें दोन किंवा अधिक असतील, तर तेंच बहुधा स्वस्त पडेल. एकट्या माणसास, किंवा जेथें केबल पोंचत नाहीं त्या वाडीस, मोबाइलच पुरेसा आहे.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करावा. आठवडाभर सकाळीं, दुपारीं व रात्रीं आठ वाजतां घरांतील वेग मोजून वहींत मांडावा, आणि सरासरी काढावी. प्रत्येक मोजणींतही थोडें डेटा खर्च होतें, हें ध्यानांत असूं द्यावें. त्या वहींतील आंकडा वडिलांच्या पावतीवरील आंकड्याशेजारीं ठेवला, म्हणजे आपण कशाचे पैसे देतों तें साऱ्या घरास कळेल. अभ्यासास बसलेल्या मुलाच्या कोपऱ्यापर्यंत जो वेग पोंचतो, तोच खरा आपला.